खिडकी क्रमांक सात

नॉर्वेचं बिल आलं, चार महिन्यांनी,
मुलुंड पूर्वेला, म्हाडाच्या तिसऱ्या मजल्यावर.
आधी ऋजुताच्या मोबाइलवर,
मग खालच्या झेरॉक्सवाल्याकडून कागदावर.
मला कागद लागतो. सव्वीस वर्षं मी कागदच फाडले.

एका क्रोनरला आठ रुपये धरले
आणि कॅलेंडरच्या पाठीवर मांडून बसलो:
बर्गनमध्ये शिरताना सकाळचे आठ एकेचाळीस,
गर्दीच्या वेळेचा दर, दोनशे अठ्ठेचाळीस.
तासाभरानं गेलो असतो तर स्वस्तात पडलं असतं.
चहा घेऊन निघू, असं मी म्हटलंही होतं.
पोरगी म्हणाली, बाबा, सुट्टीत कसला हिशेब.

पुढे बोगदा.
बोगद्याच्या पोटात निळे दिवे, कुणाचं लग्न असल्यासारखे.
मग पूल. मग फेरीबोट, गाडीच्या लांबीवर भाडं.
पार्किंग तर तासाला एवढं
की शालन खाली उतरलीच नाही,
जणू ती बसून राहिली तर घड्याळ थांबेल.
पेट्रोलचं विचारू नका.
शेवटी भाड्याच्या गाडीवाल्यांचा आकार:
बिल पाठवल्याचं बिल.
त्यावर कार्डाचा परकी चलनाचा टक्का,
आणि त्या टक्क्यावर आपला, घरचा, जीएसटी.

एवढे नाके लागले
आणि मला एकही नाका दिसला नव्हता.
रस्त्याकडेला नुसता खांब, वर डोळा.
गाडी हळू होत नाही, काच खाली येत नाही.
‘सुट्टे द्या’ नाही, ‘सुट्टे कुठून आणू’ नाही,
आईवरून, बहिणीवरून काहीच नाही.
शिवी न खाता वसुली होते,
हे मला अजून खरं वाटत नाही.

आमच्या नाक्यावर माझा फक्त हात दिसायचा,
कोपरापर्यंत.
घरी आल्यावर बादलीत बुडवला की पाणी काळं.
शेजारच्या खिडकीत थळे,
नकली नोट नाकानं ओळखायचा.
आणि एक पारशी म्हातारा, फियाटवाला,
कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीत मोजून सुट्टे आणायचा,
डबी रिकामी करून परत मागायचा.
आम्ही एकमेकांचे चेहरे नीट पाहिले नसतील,
पण त्याच्या अंगठ्यावरचा चामखीळ मला आजही आठवतो.
मग एका रात्री लहान गाड्यांना टोल माफ झाला.
फटाके वाजले. मी खुर्चीवरची उशी घरी आणली.

खांबानं फोटोही काढलेत.
ऋजुता एकेक मोठा करून दाखवते:
आमची पांढरी गाडी, पाऊस, पांढरी गाडी.
चौथ्यात ती थांबते.
“बाबा, हा हात कुणाचा?”

तिथे स्टिअरिंग डावीकडे.
मी उजवीकडे बसलेलो,
आपल्याकडे ड्रायव्हर बसतो त्या जागी.
पुढे आडवं छपरासारखं काही आलं,
काच कधी खाली केली कळलं नाही,
हात आपला आपण बाहेर गेला.
जन्मभर घेणारा हात, द्यायला पहिल्यांदाच निघाला,
बोटांत पन्नासाची नोट.
कुणी घेतली नाही.
वाऱ्यानं घेतली.

शालन चष्मा लावून बघते.
“मला म्हणालात, त्याची कॉफी प्यायलो.”

चारशे रुपये.
बिलात कुठे वजा केलेले नाहीत.
मी दोनदा तपासलं.

पैसे भरून झाले, बोटाच्या एका टिचकीत.
कागद मात्र मी फाईलला लावलेला नाही.
आमच्या पावतीवर खाली कोपऱ्यात असायचं:
खिडकी, पाळी, घेणाऱ्याचं नाव.
इथे तो कोपरा कोरा आहे.
कोऱ्या कोपऱ्याची पावती थळेनं परत पाठवली असती.

बॉलपेन झटकून झटकून चालवलं आणि लिहिलं:
खिडकी सात. दुसरी पाळी.
ग. वि. घोसाळकर.
रक्कम मिळाली.